माफी कोणाला मिळाली

१९०२ सालच्या डिसेंबरचा पहिला आठवडा. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या पिरासिकाबा गावी, ३ तारखेला, क्षयानं पोखरलेले एकसष्ट वर्षांचे एक वकील वारले. जवळपास त्याच दिवसांत रिओ द जानेरोच्या पुस्तकांच्या दुकानांत एका इंजिनिअरनं लिहिलेलं जाडजूड पुस्तक येऊन पडलं. वकील म्हणजे प्रुदेंते द मोराइस, ब्राझीलच्या प्रजासत्ताकाचे तिसरे आणि लष्कराबाहेरचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पुस्तक म्हणजे एउक्लीदिस द कुन्या यांचं ‘ओस सेर्तोंयस’. प्रुदेंते यांच्याच कारकिर्दीत, १८९७ साली, ईशान्येच्या कोरड्या मुलखातली कानुदोस ही वस्ती सरकारी फौजांनी मुळासकट नाहीशी केली, त्याची ही हकीकत.

दोन्ही गोष्टी एका आठवड्यात घडल्या हा योगायोग म्हणता येईल. पुढे मात्र त्या दोन निरनिराळ्या फडताळांत ठेवल्या गेल्या. राजकीय इतिहासाच्या फडताळात प्रुदेंते ‘शांतता आणणारे’ अध्यक्ष म्हणून बसले, तर कानुदोस साहित्याच्या फडताळात गेलं. मला ही वाटणी मान्य नाही. सत्ता बराकीतून बाहेर काढण्याचं श्रेय प्रुदेंते यांचंच आहे, आणि ते लहान नाही. पण नागरी सत्ता आणि लोकांची सत्ता यांत किती अंतर असू शकतं, हे दाखवणारी त्यांच्या कारकिर्दीइतकी स्वच्छ नोंद मला दुसरी माहीत नाही. १८९५ साली सशस्त्र बंडखोरांना माफी देणारा हा माणूस दोन वर्षांनी गुराख्यांच्या आणि शेतमजुरांच्या एका वस्तीला ती का देऊ शकला नाही, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधून भागत नाही, कारण स्वभावानं ते क्रूर नव्हते.

प्रुदेंते यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८४१चा, साओ पावलो प्रांतातल्या इतू गावचा. वडील खेचरांचे तांडे हाकणारे व्यापारी होते. मूल तीन वर्षांचंही नव्हतं तेव्हा एका गुलामाच्या हातून त्यांचा खून झाला. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या समाजात हिंसा घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी येते, हे या मुलाला कळण्याआधीच त्याच्या वाट्याला आलं. पुढे साओ पावलोच्या कायदा महाविद्यालयातून १८६३ साली त्यांनी पदवी घेतली आणि पिरासिकाबात वकिली मांडली. त्या गावाचं तेव्हाचं सरकारी नाव ‘संविधान’ या अर्थाचं होतं. जुनं आदिवासी नाव परत आणण्याचा ठराव १८७७ साली नगरपरिषदेत झाला, तोही प्रुदेंते यांच्याच पुढाकारानं. उंच, सडपातळ, लांब दाढीचा, मोजकं बोलणारा हा माणूस कागद नीट वाचणारा आणि शब्दाला जागणारा म्हणून ओळखला जाई. सुरुवातीला ते उदारमतवादी पक्षात होते. सत्तरच्या दशकात ते उघडपणे प्रजासत्ताकवादी झाले, आणि १८८५ साली सम्राट दुसरे पेद्रो यांच्या संसदेत जे मोजून तीन प्रजासत्ताकवादी निवडून आले त्यांत ते एक होते. दुसरे होते कांपोस सालेस, जे पुढे त्यांचेच वारसदार झाले.

साओ पावलोचे हे प्रजासत्ताकवादी कोण होते हे ध्यानात ठेवलं पाहिजे. त्यांचा पाया कॉफीच्या मळ्यांत होता. प्रांतांना स्वायत्तता हवी, कराचा पैसा राजधानीत जाऊन मुरू नये, ही त्यांची खरी तळमळ. गुलामगिरीच्या प्रश्नावर पक्ष म्हणून ते बराच काळ अंग चोरून राहिले. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द झाली तीही राजकन्येच्या सहीनं. म्हणजे ब्राझीलच्या गरिबांना, विशेषतः काळ्या गरिबांना, मुक्तीचा कागद राजघराण्याकडून मिळाला आणि दीडच वर्षात ते राजघराणं घालवणारं प्रजासत्ताक आलं. कानुदोसच्या लोकांना प्रजासत्ताक परकं का वाटलं, याचं एक साधं कारण इथेच आहे. ते समजायला त्यांना वेडे ठरवण्याची गरज नव्हती.

१५ नोव्हेंबर १८८९ला प्रजासत्ताक जाहीर झालं ते लष्कराच्या हातून. मार्शल देओदोरो द फोन्सेका घोड्यावर बसून आले, मंत्रिमंडळ बरखास्त झालं आणि सम्राट जहाजानं युरोपला निघून गेले. सामान्य माणूस या घटनेत कुठेच नव्हता. प्रुदेंते आधी साओ पावलोचा कारभार पाहणाऱ्या तिघांच्या मंडळात आणि मग तिथले राज्यपाल झाले. संविधान सभेचे अध्यक्षही तेच होते. २४ फेब्रुवारी १८९१ रोजी संविधान मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच सभेनं पहिला अध्यक्ष निवडला. देओदोरो यांना १२९ मतं पडली आणि प्रुदेंते यांना ९७. सभागृहाबाहेर लष्कराची छाया होती आणि निकाल वेगळा लागला तर तलवारी उपसल्या जातील असं बोललं जात होतं. अशा वेळी सत्त्याण्णव जणांनी एका वकिलाला मत दिलं. प्रजासत्ताकाच्या पहिल्या काळातलं मला तरी हेच सर्वांत धीराचं मतदान वाटतं.

पुढची तीन वर्षं मार्शलांचीच गेली. देओदोरो यांनी नोव्हेंबर १८९१मध्ये संसद विसर्जित केली आणि वीस दिवसांत त्यांनाच जावं लागलं. उपाध्यक्ष मार्शल फ्लोरियानो पेइशोतो आले. पहिल्या दोन वर्षांत अध्यक्षपद रिकामं झालं तर नवी निवडणूक घ्यावी असं संविधानात लिहिलं होतं. ती त्यांनी घेतली नाही. दक्षिणेत रिओ ग्रांदे दो सुल राज्यात यादवी पेटली आणि राजधानीच्या बंदरात आरमारानं बंड केलं. फ्लोरियानो यांनी ते मोडलं आणि क्रूरपणे मोडलं. सांता कातारीना राज्यात बंडखोर म्हणून धरलेल्या लोकांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या. तिथला लष्करी अधिकारी होता कर्नल मोरेइरा सेझार. हे नाव पुन्हा येणार आहे. दक्षिणेच्या या युद्धात दोन्ही बाजूंनी कैद्यांचे गळे चिरण्याची रीत पडली. तीही पुन्हा येणार आहे.

साओ पावलोच्या पुढाऱ्यांनी फ्लोरियानो यांना पैसा आणि माणसं दिली आणि त्याबदल्यात मुदतीत निवडणूक पदरात पाडून घेतली. १ मार्च १८९४ रोजी मतदान झालं. प्रुदेंते मोठ्या फरकानं निवडून आले. नोव्हेंबरात ते आगगाडीनं रिओला उतरले तेव्हा स्वागताला सरकारतर्फे कुणी आलेलं नव्हतं. शपथविधीला जायला त्यांनी भाड्याची घोडागाडी केली. सत्ता सोपवायला फ्लोरियानो आलेच नाहीत आणि अध्यक्षांचा इतामाराती वाडा अस्ताव्यस्त पडलेला सापडला. हा प्रसंग ब्राझीलमध्ये फार वेळा सांगितला गेला आहे आणि सांगावा असाच आहे. ज्या देशात पाच वर्षं तलवारीनं कारभार केला, तिथे एक म्हातारा होत चाललेला वकील भाड्याच्या गाडीतून जाऊन संविधानाची शपथ घेतो, यात एक मोठेपणा आहे आणि मी तो मनापासून मानतो.

पण त्या गाडीच्या मागे लोक नव्हते, आणि त्याला कारण होतं. संविधानानं मताचा अधिकार एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना दिला होता. त्यातून निरक्षर, भिकारी आणि साधे शिपाई वगळले होते. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. बहुतांश देश निरक्षर होता. परिणामी १८९४च्या निवडणुकीत मत देणारे लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्के होते. निरक्षरांना ब्राझीलमध्ये मताचा अधिकार मिळाला १९८५ साली. म्हणजे ज्या लोकांच्या नावानं प्रजासत्ताक चाललं होतं, त्यांना सरकारनं जवळजवळ शतकभर एकदाही काही विचारलं नाही. प्रुदेंते यांच्यासमोर एका बाजूला बराक होती, जिथे फ्लोरियानो यांचे कडवे भक्त बसले होते. दुसऱ्या बाजूला राज्याराज्यांतले जमीनदार पुढारी. लष्कराला न जुमानायचं तर ज्या जनतेचा आधार घ्यावा, ती जनता संविधानानं दाराबाहेर ठेवली होती. हा पेच त्यांना वारशानं आला असं म्हणता येत नाही. ज्या सभेनं ते संविधान लिहिलं तिचे अध्यक्ष तेच होते.

आता त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत चांगली गोष्ट. दक्षिणेतलं युद्ध संपवायचं त्यांनी ठरवलं, आणि ते बंडखोरांना चिरडून संपवावं हा फ्लोरियानोवाद्यांचा हट्ट मानला नाही. २३ ऑगस्ट १८९५ रोजी पेलोतास इथे तह झाला. ऑक्टोबरात संसदेनं माफीचा कायदा केला. त्यात अटी होत्या, बंडात सामील झालेल्या अधिकाऱ्यांना लगेच सेवेत घेतलं गेलं नाही, पण त्यांचे जीव वाचले आणि त्यांची घरं त्यांना परत मिळाली. अडीच वर्षांत सुमारे दहा हजार माणसं मारली गेली होती. इतकं रक्त सांडल्यावर सूड न घेता थांबणं ही राजकारणातली फार कठीण गोष्ट आहे. बंडखोर जहाजांवरच्या लोकांना आसरा दिला म्हणून फ्लोरियानो यांनी पोर्तुगालशी संबंध तोडले होते, तेही १८९५मध्ये जुळले. अटलांटिकातलं त्रिंदाद बेट इंग्रजांनी परस्पर बळकावलं होतं. पोर्तुगालच्या मध्यस्थीनं, एकही गोळी न झाडता, ते १८९६ साली ब्राझीलला परत मिळालं. चर्चा, मध्यस्थी, कायद्याचा कागद: वकिलाची हत्यारं या माणसाला येत होती आणि ती चालत होती.

मग १८९६ साल उजाडलं.

बाहिया राज्याच्या आतल्या कोरड्या पठारी भागाला सेर्तांव म्हणतात. काटेरी झुडपं, वर्षानुवर्षं न येणारा पाऊस आणि मैलोगणिक एकाच मालकाची जमीन. १८७७ ते ७९च्या दुष्काळानं ईशान्येत माणसांचे ढीग पडले होते. त्या मुलखात निळा झगा घातलेला, दाढी वाढवलेला एक माणूस वीस वर्षं पायी हिंडत होता. पडकी देवळं दुरुस्त करी, स्मशानांच्या भिंती बांधून घेई, प्रवचनं देई. त्याचं नाव आंतोनियो विसेंते मेंदेस मासियेल, जन्म १८३०चा, सेआरा प्रांतातला. लोक त्याला कोन्सेल्येइरो म्हणत, म्हणजे सल्ला देणारा. प्रजासत्ताकानं चर्चला राज्यापासून वेगळं केलं, विवाह सरकारी केला, गावोगावी नवे कर आले. हे त्याला अधर्माचं वाटलं. १८९३ साली तो आपल्या माणसांसह वाझा-बारिस नदीकाठी कानुदोस नावाच्या ओसाड जागी स्थिरावला आणि वस्तीचं नाव ठेवलं बेलो मोंते, सुंदर टेकडी. तिथे आले ते गुराखी, कर्जात बुडालेली कुळं, नुकते मुक्त झालेले गुलाम, किरिरी आणि काइंबे आदिवासी. जमीन सामाईक होती. नदीकाठी पेरणी होई, शेळ्या होत्या, कातड्याचा व्यापार चाले. शेवटी फौजेनं मोजली तेव्हा घरं ५,२०० भरली. त्यात राहणाऱ्यांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. बाहियातली ती एक मोठी वस्ती झाली होती, आणि आसपासच्या जमीनदारांची पहिली तक्रार होती की आपल्याला मजूर मिळत नाहीत. ‘राजेशाहीचं बंड’ हे नाव नंतर चिकटलं.

ठिणगी पडली लाकडांवरून. नव्या देवळासाठी जुआझेइरो गावच्या व्यापाऱ्याला पैसे दिले होते, लाकूड आलं नाही. कानुदोसचे लोक ते न्यायला येणार अशी हूल उठली, न्यायाधीशानं राज्यपालाकडे शिपाई मागितले. नोव्हेंबर १८९६मध्ये उआउआ गावी शंभरेक शिपायांची तुकडी पिटाळली गेली. जानेवारीत दुसरी मोहीम हरली. या काळात प्रुदेंते स्वतः मूतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. १० नोव्हेंबर ते ४ मार्च हे चार महिने उपाध्यक्ष मानुएल विटोरिनो यांनी कारभार केला आणि तो तात्पुरता आहे असं कुठे दिसू दिलं नाही. मंत्री बदलले, सरकारी मुक्काम इतामारातीतून कातेते राजवाड्यात हलवला, आणि तिसऱ्या मोहिमेवर धाडला तो फ्लोरियानोवाद्यांचा लाडका कर्नल मोरेइरा सेझार, सांता कातारीनातला. तेराशे माणसं आणि तोफा घेऊन तो ३ मार्चला कानुदोसच्या बोळांत घुसला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेला आणि फौज शस्त्रं टाकून पळाली. नेमके त्याच दिवशी, ४ मार्चला, प्रुदेंते कामावर परतले.

म्हणून त्यांचे समर्थक म्हणतात की कानुदोस त्यांच्या गळ्यात पडलं. यात तथ्य आहे. बातमी रिओत पोचताच जमावानं राजेशाहीवादी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या फोडल्या आणि त्यांतल्या एका पत्राचे मालक जेंतिल द कास्त्रो यांना ठार मारलं. साऱ्या देशानं मान्य करून टाकलं की सेर्तांवात परदेशी शस्त्रं आली आहेत, सम्राटाचं घराणं परत येत आहे. पुढे ज्यांनी सत्य लिहिलं त्या एउक्लीदिस यांनीसुद्धा तेव्हा वर्तमानपत्रात कानुदोसला ‘आपली वांदे’ म्हटलं, फ्रेंच क्रांतीविरुद्ध उठलेल्या राजनिष्ठ प्रांताचं नाव देऊन. अशा वातावरणात चर्चा करू म्हणणारा अध्यक्ष त्याच आठवड्यात उलथवला गेला असता. मे महिन्यात राजधानीतल्या लष्करी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बंड केलंच. त्यावरच्या ठरावावरून सत्ताधारी पक्षाचे दोन तुकडे झाले.

हे सगळं मानूनही माझं समाधान होत नाही. दक्षिणेतल्या बंडाच्या वेळीही वातावरण असंच होतं. तेव्हाही शत्रूला राजेशाहीवादी म्हटलं जात होतं, तेव्हाही फ्लोरियानोवादी सूड मागत होते आणि नुकतं पद स्वीकारलेले प्रुदेंते आणखीच दुबळे होते. तरी त्यांनी तह केला. मग फरक कुठे पडला? दक्षिणेचे बंडखोर कुरणांचे मालक होते, वकील होते, आरमाराचे अधिकारी होते. त्यांची नावं प्रुदेंते यांना ठाऊक होती, त्यांचे भाऊबंद संसदेत होते, त्यांना मतं होती. त्यांच्याशी बोलता येत होतं, कारण ते आधीपासून संभाषणातच होते. कानुदोसच्या माणसांना प्रजासत्ताकाच्या एकाही यादीत नाव नव्हतं. १८९५च्या मे महिन्यात एक कॅपुचिन साधू तिथे जाऊन आला होता, पण पांगा आणि कायद्यापुढे वाका हे सांगायला. त्यांना काय हवं आहे हे विचारायला सरकारतर्फे कुणी गेलं नाही. लाकडाची बाकी भागवून हे प्रकरण मिटलं असतं असं मी म्हणत नाही. विचारण्याची गरजच कुणाला भासली नाही, एवढंच दिसतं.

चौथी मोहीम जनरल आर्तुर ओस्कार यांची. जूनअखेर ती कानुदोसच्या समोरच्या डोंगरावर येऊन अडकली. अन्न संपलं, जखमी सडू लागले. ही कोंडी फोडली युद्धमंत्री मार्शल कार्लोस माशादो बितेनकूर यांनी. ते स्वतः मोंते सांतो गावी जाऊन बसले आणि तोफा नव्हे, खेचरं खरेदी केली. खेचरांचे तांडे सुरू झाले, दाणागोटा पोचू लागला, आणि त्यानंतर कानुदोसचा निकाल फक्त दिवसांचा प्रश्न राहिला. तांडेवाल्याच्या मुलाच्या सरकारनं ते युद्ध तांड्यांनी जिंकलं. २२ सप्टेंबरला कोन्सेल्येइरो आजारानं गेला. ५ ऑक्टोबरला शेवटचा प्रतिकार संपला. कोन्सेल्येइरोचं प्रेत उकरून काढलं, डोकं कापून साल्वादोरला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवलं.

त्याआधी, २ ऑक्टोबरला, आंतोनियो बेआतिन्यो नावाचा कोन्सेल्येइरोचा एक अनुयायी पांढरं फडकं घेऊन बाहेर आला. त्याच्या मध्यस्थीनं तीनेकशे माणसं शरण आली. जवळजवळ सगळ्या बायका, मुलं, म्हातारे. फ्लाव्हियो द बारोस हा छायाचित्रकार फौजेबरोबर होता. त्यानं त्यांचा फोटो काढला. उघड्या मैदानात शेकडो बायका मांडी घालून, उकिडव्या बसल्या आहेत, मांडीवर आणि कडेला पोरं आहेत, मागे शिपायांची रांग. चेहरे इतके वाळलेले आहेत की वय सांगता येत नाही. पुरुष त्यात फारसे नाहीत. पकडलेल्या पुरुषांचं काय होत होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं: केस धरून मान मागे ओढायची आणि सुरी फिरवायची. दक्षिणेच्या युद्धातली रीत सरकारी शिपायांबरोबर उत्तरेत आली होती. बेआतिन्योही असाच मारला गेला. अनाथ मुलं वाटली गेली, काही विकली गेली. लेलिस पिएदादे या पत्रकाराच्या पुढाकारानं बाहियातल्या एका समितीनं त्यांतली काही शोधून परत आणली.

यानंतर एक महिन्यानं, ५ नोव्हेंबर १८९७ रोजी, रिओच्या शस्त्रागारात परतलेल्या फौजेच्या स्वागताला अध्यक्ष गेले. गर्दीतून लान्स नाईक दर्जाचा एक तरुण शिपाई पुढे आला, मार्सेलिनो बिस्पो. त्यानं प्रुदेंते यांच्या छातीवर पिस्तूल रोखलं. ते उडालं नाही. अध्यक्षांनी हातातल्या उंच रेशमी टोपीनं ते बाजूला सारलं. शिपायानं सुरा काढला. मध्ये पडलेले मार्शल बितेनकूर जागीच कोसळले आणि मेले, अध्यक्षांचे पुतणे कर्नल मेंदेस द मोराइस जखमी झाले. कानुदोस जिंकून दिलेला मंत्री कानुदोसहून आलेल्या फौजेसमोर, आपल्याच लष्कराच्या शिपायाच्या हातून मेला. ज्या प्रवृत्तीला शांत ठेवायला सेर्तांव तिच्या हवाली केला होता, तिचं समाधान झालं नव्हतं. ती आता अध्यक्षांच्या अंगावर आली होती.

प्रुदेंते यांनी त्या दिवशी दाखवलेलं धैर्य खरं होतं. पुढच्या काही दिवसांत त्यांनी जे केलं तेही एका अर्थी आवश्यक होतं. आणीबाणी जाहीर झाली, लष्करी क्लब बंद झाला, चौकशी बसली. कटाचे धागे उपाध्यक्ष विटोरिनो आणि पक्षाचे मातब्बर नेते फ्रान्सिस्को ग्लिसेरियो यांच्यापर्यंत नेण्यात आले. काही राजकारण्यांना फेर्नांदो द नोरोन्या बेटावर धाडलं गेलं. कायदेपंडित रुय बार्बोसा यांनी त्यांच्या वतीनं हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तो फेटाळला गेला, पण एप्रिल १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुसरा अर्ज मान्य केला. मार्सेलिनो बिस्पो कोठडीत फास लागून मेलेला सापडला. फ्लोरियानोवाद्यांचं कंबरडं इथे मोडलं आणि लष्कर बराकीत गेलं. नागरी सत्ता पक्की झाली ती या नोव्हेंबरात.

त्याच नोव्हेंबरात बाहियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक जाहीर निवेदन काढलं. कानुदोसमध्ये शरण आलेल्या कैद्यांना मारलं, हा गुन्हा आहे आणि त्याचा निषेध झाला पाहिजे, असा त्याचा आशय. मी ही दोन पानं नेहमी शेजारी ठेवून पाहतो. एका बाजूला एका सुऱ्याची चौकशी, जबान्या, कागदांच्या थप्प्या, बेटावरची हद्दपारी, सर्वोच्च न्यायालयातले युक्तिवाद. दुसऱ्या बाजूला हजारो गळ्यांवर फिरलेल्या सुऱ्या, आणि त्यासाठी कुणा अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला नाही. हद्दपार राजकारण्यांना रुय बार्बोसा मिळाले, न्यायालय मिळालं. कायदा जिवंत होता, चालत होता, राष्ट्राध्यक्षाविरुद्धही निकाल देत होता. सेर्तांवापर्यंत मात्र तो गेला नाही. राजेशाहीच्या कटाचा पुरावा तिथल्या राखेत सापडला नाही, हे सगळ्यांना कळल्यावरही गेला नाही.

कत्तलीचा हुकूम प्रुदेंते यांनी दिला असा आरोप मी करत नाही. हुकूम देण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही, आणि तेच मला अधिक भयंकर वाटतं. सभ्य, कायदा पाळणारा, पैशाला न शिवणारा माणूस सर्वोच्च पदावर असूनही ते होऊ शकलं. राज्यकर्ता बराकीतला नाही म्हणून कुणी त्याला चांगला मानत असेल तर त्यानं एक विचारावं: बराकीला विरोध करण्यासाठी त्याच्यामागे कोण उभं आहे? प्रुदेंते यांच्यामागे कॉफीचे मळे होते. फौजेला त्यांनी शेवटी आवरलं, पण आधी तिला एक शत्रू मिळू दिला, आणि तो मतदार यादीबाहेरचा होता.

१५ नोव्हेंबर १८९८ला त्यांनी पद कांपोस सालेस यांच्याकडे सोपवलं. चार वर्षांपूर्वी ज्या शहरानं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं, त्याच्या रस्त्यांत गर्दीनं त्यांचा जयजयकार केला. ते पिरासिकाबाला परतले आणि पुन्हा वकिली करू लागले. अखेरच्या काळात त्यांनी कांपोस सालेस यांच्याविरुद्ध पक्षात बंडही केलं. नव्या अध्यक्षांनी राज्याराज्यांच्या पुढाऱ्यांशी सरळ सौदा केला होता: तुम्ही मला खासदार द्या, मी तुमच्या राज्यात डोकावणार नाही. खेड्यातला जमीनदार मतं गोळा करी, संसदेची समिती नको असलेल्यांची निवड रद्द करी. १९३०पर्यंत हे असंच चाललं. प्रुदेंते यांना हे पसंत नसावं असं त्यांच्या बंडावरून दिसतं, पण ती वाट त्यांच्याच काळात मोकळी झाली होती.

कानुदोसहून परतलेल्या शिपायांना घरं देण्याचं आश्वासन होतं. ती मिळाली नाहीत. त्यांतले कित्येक जण स्वतः मतदार यादीबाहेरचेच होते. ते रिओच्या प्रोविदेंसिया टेकडीवर झोपड्या घालून राहिले. कानुदोससमोरच्या ज्या डोंगरावर ते महिनोन्महिने अडकले होते त्याचं नाव फावेला, तिथे वाढणाऱ्या एका काटेरी झाडावरून पडलेलं. तेच नाव त्यांनी नव्या टेकडीला दिलं आणि पुढे ब्राझीलमधल्या प्रत्येक झोपडपट्टीला ते लागलं. वाचलेल्या लोकांनी कानुदोस पुन्हा वसवलं. ते गाव साठच्या दशकाच्या अखेरीस कोकोरोबो धरणाच्या पाण्यात गेलं. दुष्काळात पाणी उतरलं की देवळाच्या भिंतींचे अवशेष वर येतात.

कातेते राजवाड्यात १८९७पासून राष्ट्राध्यक्ष बसत. १९६० साली राजधानी ब्राझिलियाला गेली आणि या राजवाड्यात प्रजासत्ताकाचं संग्रहालय झालं. फ्लाव्हियो द बारोसनं काढलेले कानुदोसचे फोटो आज त्या संग्रहालयात जपले आहेत. मैदानात उकिडव्या बसलेल्या त्या बायका आणि त्यांची पोरं अखेर तिथे पोचली, ज्या घरातून त्यांच्यावर चौथी फौज निघाली होती.